टोपलं कितलाले, म्हणजे केवढ्याला? सातपुड्यातल्या कारागिरांचा रास्त भावाचा बाजार पहिल्यांदा भरवणाऱ्यांसाठी

दरवर्षी पाऊस ओसरला की फोन सुरू होतात. कुणी कॉलेजातले सर, कुणी बचत गटाच्या ताई, कुणी नुकतीच नोकरी लागलेली पोरं. "दादा, आम्हालाही डोंगरातल्या लोकांचा बाजार भरवायचाय. हस्तकला, ढोल, जेवण, सगळं. हॉल बुक केलाय. आता पुढं काय करायचं?"

हॉल बुक केलाय, इथेच पहिली चूक झालेली असते. तारीख तुमच्या सोयीची, जागा तुमच्या सोयीची, आणि ज्यांच्या नावाने बाजार भरतो त्यांना शेवटी निरोप जातो. मी धुळ्यात आणि शहाद्यात असे बाजार भरवताना सगळ्या चुका करून बसलो आहे, म्हणून हे लिहितो आहे. या कामात आपण हमाल आणि हिशेबनीस. मालक तो, ज्याने टोपली विणली.

आधी त्यांचा बाजार बघा

स्वतःचा बाजार भरवण्याआधी एक भोंगऱ्या बाजार बघून या. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यातल्या गावोगावचा आठवडी बाजार हाच भोंगऱ्या होतो. धडगाव, अक्कलकुवा, शहादा, शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांचा डोंगराकडचा पट्टा त्या दिवसांत घरी थांबत नाही. फुटाणे, गूळ, खजूर, साखरेचे हार-कंगन, घुंगरू अशी होळीच्या पूजेची खरेदी चालते आणि मध्येच एखाद्या गावचा ढोल बाजारात शिरतो. तुम्हाला कुणीतरी सांगेल की इथे पोरं-पोरी पळून जाऊन लग्न करतात. ही बाहेरच्यांनी पसरवलेली कथा आहे, आदिवासी समाजातली शिकलेली मंडळी तिच्यावर चिडतात, आणि त्यांचे बरोबर आहे. आपल्या पत्रकावर तसले काही छापू नका.

भोंगऱ्यात बघायचे ते हे: माल जमिनीवर मांडलेला असतो, विकणारी बाई मालाच्या शेजारी बसलेली असते, गिऱ्हाईक उकिडवे बसून वस्तू हातात घेते. दोघांचे डोळे एका उंचीवर. आमच्या पहिल्या बाजारात आम्ही मंडपवाल्याकडून टेबले आणली, त्यांवर पांढरे कापड घातले. डोंगरातून आलेल्या बाया टेबलामागे जमिनीवर जाऊन बसल्या. समोरून नुसत्या टोपल्या दिसत होत्या, माणूस दिसतच नव्हते. दुपारी टेबले काढली, ताडपत्रीवर सतरंज्या टाकल्या, तेव्हा कुठे बोलणी सुरू झाली.

गावात जायचे ते कुणाकडे

खानदेशातले आदिवासी म्हणजे एक समाज नाही. धडगाव, शहादा, शिरपूर, चोपडा भागात पावरा, अक्कलकुवा-तळोद्याकडे भिल्ल, नवापुराकडे मावची, नवापूर-साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात कोकणी, यावल-रावेरात तडवी. बोली वेगळ्या, लुगडे नेसण्याची पद्धत वेगळी, बांबूकामात तरबेज असलेले कोटवालिया आणखी वेगळे. "आदिवासी स्टॉल" अशी एकच पाटी लावली की नंदुरबारचा माणूस मनात हसतो.

ओळख काढायला आश्रमशाळेतले गुरुजी, आशाताई, गावचे कारभारी किंवा पुजारा, म्हणजे गावचा पुजारी, हे चांगले दुवे. पहिल्या भेटीला कॅमेरा नको, फॉर्म नको, बॅनर तर नकोच. "कोण काय बनवतं, कधी बनवतं, कुणाला विकतं" एवढेच विचारा. दुसऱ्या भेटीला विचारा, "आमच्याकडे याल का? कोणत्या महिन्यात जमेल?"

बोलण्याचेही एक सांगतो. शहरातला माणूस डोंगरातल्या सत्तर वर्षांच्या बाबालाही सहज "अरे" म्हणतो. आपल्या स्वयंसेवकांना आधीच बजावा: बाबा, आजी, दादा, ताई, आणि अहो-जाहो. उलट तो बाबा तुम्हाला सरळ "तू" म्हणेल. त्याच्या बोलीची ती रीत आहे, राग मानू नका. आपल्या अहिराणीत तरी कुठे फार अहो-जाहो चालते?

तारीख

तारीख चुकली तर बाकी सगळे नीट करूनही बाजार रिकामा राहतो. डोंगराचे वर्ष असे चालते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले. पहाटे झाडाखाली वेचायला जावे लागते, घरातली लेकरेसुद्धा त्यात असतात. लगेच कैऱ्या, म्हणजे आमचूर. धडगाव-मोलगीकडे एप्रिल-मेमध्ये प्रत्येक अंगणात कैरीच्या फोडी वाळत पडलेल्या दिसतात. पावसाळ्यात शेती, शिवाय घाटात दरडी. तळोद्याहून धडगावला जाणारा चांदसैली घाट पावसात कधी बंद होईल सांगता येत नाही. आणि दिवाळी झाली की हजारो कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात, ती होळीला परततात.

महाशिवरात्रीला देवमोगराची जत्रा असते. सीमेपलीकडे गुजरातच्या सागबारा तालुक्यात याहामोगी मातेच्या दर्शनाला नंदुरबारची गावेच्या गावे लोटतात. होळीला अक्कलकुव्याकडच्या काठी गावची राजवाडी होळी, तिच्यामागे गावोगावचे मेलादे, म्हणजे होळीचे मेळे. त्या दिवसांत तुमच्या बाजाराला कुणी येणार नाही, आणि येऊही नये.

उरते काय? दसरा ते दिवाळी. पाऊस उघडलेला, नवे बारीक धान्य हाताशी, घाट चालू, माणसे अजून गावात, आणि शहरातले लोक दिवाळीच्या खरेदीच्या मूडमध्ये. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनी बाजार भरवावा असे बऱ्याच जणांना सुचते. त्या दिवशी लोकांच्या स्वतःच्या मिरवणुका असतात, त्यांना दुकान मांडून बसवू नका.

काय आणायचे, काय नाही

बांबूच्या वस्तू हा कणा. सूप, टोपली, दुरडी, पाटी, कोंबड्या झाकायचे डालगे, धान्याची कणगी. शहरात सगळ्यात लवकर संपते ती भाकरी ठेवायची दुरडी. कणगी बघायला गर्दी होते, फोटो निघतात, विकत कुणी घेत नाही, कारण फ्लॅटमध्ये ठेवणार कुठे? म्हणून कणगी एकच आणा आणि तिच्याशेजारी विणकाम चालू ठेवा. ओला बांबू कोयत्याने उभा चिरून त्याच्या कागदासारख्या पातळ कामट्या कशा निघतात, हे बघितलेला माणूस भाव करत नाही. हा माझा अनुभव आहे, आणि स्टॉलवर लावलेल्या कुठल्याही तक्त्यापेक्षा तो कामाचा.

बाजारात कुणीतरी हमखास विचारेल, "वारली पेंटिंग कुठाय?" वारली चित्रकला पालघर-डहाणूकडची. ती सातपुड्याची नाही. गिऱ्हाईक मागते म्हणून कुठून तरी वारली छापलेल्या पिशव्या आणून ठेवल्या, तर पावऱ्यांच्या नावावर दुसऱ्यांची कला विकल्यासारखे होईल. तसेच पितळी मूर्ती, मशीनचे मणी, सुरतेहून आलेल्या साड्या. एकाने आणल्या की दुसरा आणतो. आमचा नियम साधा आहे: बनवणारा किंवा त्याच्या घरचे माणूस वस्तूसोबत हवे.

चांदीची हासळी, कडी, करदोटा हे दागिने बायका अंगावर घालून येतात. ते विकायला नसतात. "हे कितीला देता?" असे अंगावरच्या दागिन्याकडे बोट दाखवून विचारणारे गिऱ्हाईक दरवर्षी एक तरी भेटतेच. त्याला बाजूला घेऊन समजावणे हे स्वयंसेवकाचे काम.

भाव

इथे थोडा वेळ थांबू, कारण "रास्त भाव" हे शब्द पत्रकावर छापायला सोपे असतात.

कारागिराला "भाव काय लावायचा?" विचारले की तो तालुक्याचा व्यापारी देतो तोच भाव सांगतो. त्याला दुसरा भाव माहीत नसतो. तेव्हा हिशेब सोबत बसून करावा लागतो, आणि वही-पेनापेक्षा खडे मांडून केलेला बरा. समजा, एक मध्यम टोपले. बांबू ४० रुपयांचा. तो आणणे, चिरणे, तासणे, विणणे मिळून अर्धा दिवस. मजुरी कितीची धरायची? निदान रोजगार हमीची तरी. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात ती दिवसाला ३१२ रुपये होती. अर्ध्या दिवसाचे १५६. झाले १९६. पण रोजगार हमीवर माती उचलणाऱ्याची आणि दहा वर्षे हात बसलेल्या विणकराची मजुरी एकच कशी? कसबाचे म्हणून चौथा हिस्सा वर धरा, ४९. एकूण २४५. अडीचशेला टोपले.

हा आकडा पहिल्यांदा ऐकून विणणारी बाईच हसते. "इतलं कोन देई?" तिचा प्रश्न खरा आहे. धुळ्याच्या बाजारात प्लास्टिकचा टब त्याहून स्वस्त मिळतो. यावर दोनच उपाय मला सापडले. एक, लहान आणि रोज वापरायच्या वस्तू जास्त आणायच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशाला झेपते आणि मजुरीही बुडत नाही. दुसरा, हाच हिशेब मोठ्या अक्षरांत टोपल्यांशेजारी लावायचा: बांबू इतका, मजुरी इतकी, कसब इतके. "भाव केला जाणार नाही" या पाटीने माणूस चिडतो, हा हिशेब वाचून गप्प बसतो.

तरी कुणीतरी येईलच. "हाई टोपलं कितलाले?" "अडीचशे." "दीडशे ले." अशा वेळी आपण मध्ये पडायचे नाही. तिने द्यायचे ठरवले तर तो तिचा माल आहे. तिने नाही म्हटले की मात्र तिच्या बाजूने उभे राहायचे.

आता आयोजकांचा खर्च. मंडप, वीज, गाडीभाडे हे पैसे वस्तूच्या किमतीतून कापायचे नाहीत. स्टॉलचे भाडे शून्य. खर्च निघतो तो प्रवेशाच्या पाच-दहा रुपयांतून, वर्गणीतून, आणि शहरातल्या एखाद्या दुकानदाराने दिलेल्या मदतीतून. तो बदल्यात बॅनर मागेल. द्या, पण कमानीवर, ढोलावर नको.

माल आधी सांगून बनवून घेणार असाल तर आगाऊ रक्कम द्या. जागतिक फेअर ट्रेड संघटनेच्या दहा तत्त्वांतही हे आहे: हस्तकलेच्या मागणीवर कारागिराने मागितल्यास निम्मी रक्कम आधी. व्यापारी उचल देतो आणि त्या उचलीत माणूस अडकतो. आपण आगाऊ देतो ती उचल नाही, हे दोन्ही बाजूंनी स्पष्ट बोलून घ्या.

आणि पैसे त्याच दिवशी, रोख, हातात. पहिल्या वर्षी आम्ही शहाणपणा केला. सगळी विक्री एका क्यूआर कोडवर घेतली, म्हटले नंतर प्रत्येकाच्या खात्यात टाकू. कुणाचे खाते बंद, कुणाचे आधार जोडलेले नाही, कुणाची बँक घरापासून एक दिवसाच्या वाटेवर. महिना गेला. धडगावकडची एक आजी पुढच्या वर्षी भेटली तेव्हा म्हणाली, "व्यापारी कमी देतो, पण देतो." ते अजून टोचते. आता आम्ही क्यूआर कोड ठेवतो, कारण शहरात सुट्टे कुणाकडे नसतात. पण बाजाराआधी बँकेतून रोकड काढून आणतो आणि रोज संध्याकाळी सात वाजता सगळ्यांसमोर नाव घेऊन, आकडा वाचून, नोटा मोजून देतो. वीस स्टॉल असतील तर याला तास लागतो. त्या तासात दुसरा कार्यक्रम ठेवू नका.

जेवण

खानदेशात लोक खायला येतात, बघायला नंतर. शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी शहरात रोजच मिळते, ती इथे ठेवून जागा अडवू नका. डोंगरातले जेवण साधे असते: ज्वारीची किंवा मक्याची भाकरी, उडदाची डाळ, अंबाडीची भाजी, लसूण-मिरचीचा ठेचा. नवापूर-साक्रीकडून नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी. पावऱ्यांकडून भादी, मोर, बर्टी ही बारीक धान्ये. त्यांचा भात मऊ शिजवून डाळीबरोबर देतात. भाजलेली मोहाची फुले चिमूटभर चाखायला ठेवा, लोक चकित होतात. सुकी विक्री म्हणून आमचूर आणि नवापूरची तूरडाळ. या डाळीला भौगोलिक मानांकन आहे, ते पाकिटावर लिहा.

पत्रावळी पळसाच्या मागवा, त्यांचेही पैसे डोंगरातच जातात. अन्न विकणाऱ्यांची अन्नसुरक्षा नोंदणी गटाच्या नावाने आधी करून ठेवा, ऐन वेळी धावपळ होते. स्वयंपाक त्यांच्या पद्धतीने होऊ द्या. तेल कमी म्हणून तडका मारायला जाणारा स्वयंसेवक आमच्याकडे होता. त्याला पाणी भरायला पाठवले.

मोहाची दारू नको. परवान्याशिवाय विकणे गुन्हा आहे, हे एक. दुसरे असे की "आदिवासी म्हटले की दारू" हे शहराच्या डोक्यातले चित्र आपणच पक्के करतो. याच तळोदा भागात १९३०च्या दशकात गुलाम महाराज या भिल्ल सुधारकाची आप चळवळ उभी राहिली. तिच्या मागे हजारो भिल्लांनी दारू सोडली, आणि अजूनही घरोघर "आप की जय" म्हणणारे लोक आहेत. त्यांना तुमच्या बाजारात मोहाच्या बाटल्या बघून काय वाटेल?

ढोल

वाजवणाऱ्यांचे मानधन आधी ठरवा, लेखी द्या. "जेवण-खाण आमच्याकडे, तुमची कला लोकांना दिसेल" असे म्हणून फुकट बोलावणे ही शहराची जुनी खोड.

सातपुड्याचा मोठा ढोल स्टेजवर चढवू नका. तो गोलात वाजतो, भोवती नाच फिरतो, बघणारेही त्या गोलाचा भाग असतात. पंधरा-वीस पावले रुंद मोकळी जमीन पुरते. ढोलाचे कातडे सैल पडले की ते शेकावे लागते, म्हणून कडेला छोटी शेकोटी आणि शेजारी पाण्याच्या दोन बादल्या. मंडपवाला आरडाओरड करेल, त्याला आदल्या दिवशीच दाखवून ठेवा. ढोलाला माईक नको. पावरी आणि बासरीला मात्र द्या, नाहीतर गर्दीत ऐकू येत नाही. पावरी हे कोकणी समाजाचे भोपळा आणि शिंगाचे फुंकवाद्य. नवापूरची सोंगाड्या पार्टी, म्हणजे सोंगे काढून हसवणारे लोकनाट्याचे पथक, मिळाली तर संध्याकाळ तिच्यावर सोडा. बोली न समजणारेही हसतात. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, तो कायदाच आहे.

एक गोष्ट मागू नका. फोटोत दिसणारे बुध्या, अंगावर पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू, हे होळीचे नवसाचे रूप आहे. ते धारण करणारा माणूस ते दिवस अनवाणी राहतो, खाटेवर बसत नाही, पाळणूक पाळतो. त्याला ऑक्टोबरात "तसे सजून या" म्हणणे म्हणजे वारकऱ्याला लग्नात पालखी नाचवायला सांगणे. डोंगऱ्या देवाच्या गाण्यांचेही तसेच, ती मार्गशीर्षातली. काय वाजवायचे आणि काय नाही, ते त्यांनाच विचारा.

उद्घाटनाचे भाषण पाच मिनिटे. आमचा विक्रम एक तास दहा मिनिटांचा आहे, शाल-श्रीफळासकट, आणि तोवर भाकऱ्या गार झाल्या होत्या.

राहणे आणि परतणे

लांबून आलेल्या बाया रात्री कुठे झोपतील, हे मंडपाआधी ठरवा. दार आतून लागणारी खोली, दिवा, स्वच्छ संडास, लेकरांना दूध. मुक्काम शाळेत असेल तर शिपायाची आणि त्यांची संध्याकाळीच ओळख करून द्या. परतीची गाडी उजेडात निघाली पाहिजे, चांदसैली घाट अंधारात नको. उरलेला माल आपण गोडाऊनला ठेवून घेतो म्हणू नका. एकतर विकत घ्या, नाहीतर त्यांच्या गाडीत चढवून द्या.

बाजारात ऑर्डरी येतात. हॉटेलवाल्याला दोनशे दुरड्या हव्या असतात, त्याही आठ दिवसांत. वहीत लिहून घ्या, पण हो म्हणू नका. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूला भुंगा लागतो, वर्षभरात टोपलीखाली पिठासारखा भुगा पडायला लागतो आणि गिऱ्हाईक तुम्हाला शिव्या घालते. विणणाऱ्याला फोन करून विचारा. तो सांगेल तो महिना, तो सांगेल तेवढे नग, हॉटेलवाल्याला कळवा आणि निम्मे पैसे घेऊन पुढच्या एसटीने डोंगरात पाठवा.